डॉक्टरांना जागं ठेवणारी बाई

पाठीमागे तिला सगळे हवालदारीण म्हणायचे. तोंडावर मात्र मावशी. तोंडावर हवालदारीण म्हणायची छाती असलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं तिचं काम, आणि सांभाळायचं म्हणजे तिच्या लेखी एकच गोष्ट : दिवसाउजेडी लोळू द्यायचं नाही. घरात पाऊल टाकलं की आधी पडदे सरकवणार, मग पांघरूण ओढणार. "उठा आजोबा. पाय खाली सोडा. जमीन काही चावत नाही." गुडघ्याच्या नावानं रडणाऱ्याला ती दारापर्यंत चालवायची आणि दारापर्यंत पोचलेल्याला म्हणायची, एवढे आलाच आहात तर आता परतही चला. एका आजोबांनी तिला पाठवणाऱ्या संस्थेत फोन करून गाऱ्हाणं घातलं होतं, "मी आधाराला बाई मागितली होती, तुम्ही मला फौजेत भरती केलंत." त्याच आजोबांच्या मुलीनं पुढं वर्षभर हवालदारणीला सोडलं नाही.

हा कडकपणा काही उपजत नव्हता. तो आईच्या मरणातून आला होता.

तिची आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि तिनं जन्मभर रात्रपाळीच केली. दिवसा काय, कुणीही फोन करतं, म्हणायची. रात्री फोन करणाऱ्यालाच खरी गरज असते. कुणाला मूल झालं, कुणाचा बाप गेला, कुणाचा जावई रुसून निघून गेला, सगळं आधी तिच्या कानावरून जायचं. नोकरी संपली, पण अंगाला लागलेली रात्रपाळी काही संपली नाही. सगळं जग घोरत असताना ही बाई टक्क जागी. कपाट आवर, भांडी परत लाव, खिडकीशी बस. हवालदारीण तेव्हा इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून आईकडे परत आलेली. दिवसभर ओल्या चादरी उपसून हात गळून जायचे, आणि जरा डोळा लागला की स्वयंपाकघरात आईचं भांडं वाजायचं.

शेवटी आई आपणहून डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर त्या भागातलं बडं प्रस्थ. हुशार माणूस, हाताला गुण होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण घाई भारी. पेशंट खुर्चीत टेकायच्या आत यांचं पेन कागदाला टेकलेलं असायचं. लोक गमतीनं म्हणत, डॉक्टरांचे कान पेनात आहेत. त्या पेनानं आईला झोपेची गोळी लिहून दिली.

आई झोपायला लागली. रात्री झोपली, मग सकाळी उशिरापर्यंत झोपली, मग दुपारीही पेंगायला लागली. जीभ जड झाली. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायची. जन्मभर हजार नंबर तोंडपाठ असलेली बाई शेजारणीचं नाव विसरायला लागली, भिंत धरून चालायला लागली. हवालदारीण एकदा विचारायला गेली तर डॉक्टर म्हणाले, वयानं होतं असं, आणि तीच गोळी पुढं चालू ठेवली. खरं सांगायचं तर त्या दिवसांत तीही गाढ झोपत होती. भांडी वाजायची बंद झाली होती ना.

मग एका सकाळी आई तशीच झोपेच्या गुंगीत न्हाणीघराकडे निघाली आणि उंबऱ्याशी कोसळली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण आई पलंगावरून उठली नाही ती नाहीच. सगळं आटोपल्यावर हवालदारीण दवाखान्यात जाऊन उभी राहिली. गोळीमुळं पडली का हो आई, एवढंच विचारलं तिनं. डॉक्टरांनी वर पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. "अहो, वय झालं होतं त्यांचं. या वयात माणसं पडतातच." आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली.

त्या घंटीपासून हवालदारणीनं मनात डूख धरला. सूड वाईट असतो असं सांगणारी माणसं पुष्कळ भेटतात. त्यांच्या आया बहुतेक सुखानं, चालत्याबोलत्या गेलेल्या असतात. हिनं सूड घ्यायचं ठरवलं, पण घ्यायचा कसा ते कळेना. दगड मारून काच फोडावी तर काच दुसऱ्या दिवशी बसते. भर दवाखान्यात तमाशा करावा तर लोक म्हणणार, आई गेली, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला. तेव्हा तिनं धुलाईखाना सोडला आणि म्हाताऱ्यांना उठवायचं काम धरलं. डूख तसाच राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि हिचा तर सुंभही जळला नव्हता.

बऱ्याच वर्षांनी संस्थेनं तिला एका नव्या घरी पाठवलं. तिसरा मजला, लांबलचक बोळ, बोळाच्या टोकाला म्हाताऱ्याची खोली. मुलगा घरूनच काम करणारा, दिवसभर कानाला यंत्र लावून कॉम्प्युटरशी बोलणारा. सूनबाई सकाळी ऑफिसला जाणारी, स्वभावानं बरी, पण सदा घाईत. तिनं खोलीचं दार उघडलं. खिडकीजवळच्या खुर्चीत एक म्हातारा हनुवटी छातीला टेकवून बसला होता. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. पायजम्याची नाडी सुटलेली. हवालदारणीनं रुमालानं त्याचं तोंड पुसलं, हनुवटी वर केली आणि तिचा हात तसाच राहिला. डॉक्टर होते.

"बाबा स्वतः डॉक्टर होते बरं का," सूनबाई कौतुकानं म्हणाली. "सकाळी ही एक गोळी, दुपारी ही एक. रात्रीची मी देते. शांत राहतात अगदी. नाहीतर दिवसभर हाका मारतात आणि ह्यांच्या मीटिंगा चालू असतात."

हवालदारणीनं गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं. नाव वाचलं. आईला दिलेलीच गोळी. मग तिला आतल्या आत असं हसू फुटलं की तिनं पटकन पाठ फिरवून पडद्याला हात घातला. इतकी वर्षं सूड कसा घ्यायचा म्हणून जीव जाळला, आणि सूड असा आयता पुड्यात बांधून मिळाला! काही म्हणजे काही करायचं नव्हतं. सांगितलेलं काम चोख करायचं, बस. सकाळी एक, दुपारी एक. बाकीचं काम गोळी करणार. आधी भिंत धरून चालणं, मग नावं विसरणं, मग एक सकाळ.

आणि तिनं ते केलं. झाकपाक कशाला करायची? पहिले काही दिवस हवालदारणीनं आयुष्यात पहिल्यांदा एका म्हाताऱ्याला मनसोक्त लोळू दिलं. वेळेवर गोळी, वेळेवर पाणी. डॉक्टर दुपारी संडासाला उठले की लटपटत, दार सोडून कपाटाकडे जात. ती त्यांच्या मागं दोन पावलं अंतर ठेवून चालायची. धरायची नाही. पडलेच तर बघू, असं मनात म्हणायची. घरी जाताना तिला हलकं हलकं वाटायचं.

पण चारआठ दिवसांतच तो आनंद आंबायला लागला. का, ते तिला एका दुपारी उमगलं. तिनं डॉक्टरांच्या कानाशी वाकून सांगितलं, "टेलिफोनवाल्या बाईंची मुलगी मी. आठवते का टेलिफोनवाली?" डॉक्टरांनी जड पापण्या उचलल्या, गोड हसले आणि म्हणाले, "जेवलीस का?" परत झोपले.

हवालदारणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे काय झालं? हा माणूस तर सुखात आहे! याला काही आठवत नाही, काही बोचत नाही, हा लाळ गाळत स्वर्गात बसलाय. आपण याला शिक्षा देतोय हे त्याला कळतच नसेल तर ती शिक्षा कसली, ती तर चाकरी झाली. फाशी द्यायच्या माणसालासुद्धा आधी उठवतात. तिनं तिथल्या तिथं ठरवलं : याला जागं करायचं. लख्ख जागं. आई याला आठवली पाहिजे, आणि आपण सांगून नव्हे, त्याच्या स्वतःच्या तोंडातून आली पाहिजे. मग पुढचं पुढं.

त्या दुपारपासून गोळ्या बेसिनमध्ये जाऊ लागल्या. रात्रीच्या गोळीच्या जागी तिनं पाकिटात तशीच दिसणारी दुसरी साधी गोळी सरकवून ठेवली. स्वतःच्या हुशारीवर भारी खूश होती. आणि इथंच ती चुकली. उठवायचं म्हणजे पांघरूण ओढायचं, एवढंच तिला माहीत होतं. गोळीचं पांघरूण तसं ओढून निघत नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना दरदरून घाम फुटला. हात असे कापायला लागले की पाण्याचा पेला दातांवर वाजायला लागला. भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणून ओरडले, मुंग्या झाडायला उठले आणि पडले असते. तिनं झेप घालून त्यांना कवेत धरलं. त्या म्हाताऱ्या छातीतली धडधड तिला स्वतःच्या छातीत लागली. मेला हा, असं तिच्या मनात आलं, आणि पाठोपाठ आलं : न आठवताच मेला! तिनं बोळातून धावत जाऊन मुलाच्या कानातलं यंत्र उपटलं.

खालच्या चौकात दवाखाना असलेली डॉक्टरीणबाई आली. तरुण होती, पण नजर करडी. तिनं नाडी पाहिली, पाकीट पाहिलं आणि विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?"

"मी," हवालदारीण म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"एकदम?"

"एकदम."

"मावशी, जीव गेला असता यांचा. इतके दिवस रोज घेतलेली गोळी अशी तोडत नाहीत. झटके येतात, माणूस भ्रमिष्ट होतो. बंद करायची तर डॉक्टरला विचारून, थोडी थोडी कमी करत आणायची. महिने लागतात." मग ती मुलाकडे वळली. "आणि तुम्ही. ही गोळी या वयात अंगात साठत जाते. तोल जातो, डोकं धुरकटतं. तुम्हाला वाटतं वडिलांचं वय झालं. त्यातलं निम्मं वय या पाकिटातलं आहे. आधी कुणी दिली?"

"बाबांनीच," मुलगा ओशाळून म्हणाला. "आई गेल्यावर झोप येईना, तर स्वतःच लिहून घेतली. पुढं दिवसाही बेचैन असायचे, म्हणून आम्ही दिवसाची वाढवली. पण लिहिली त्यांनीच."

यावर हवालदारीण इतक्या मोठ्यानं हसली की डॉक्टरीणबाईही चपापली. करावं तसं भरावं म्हणतात. इथं भरायची चिठ्ठीही स्वतःच्याच अक्षरात.

मुलानं तिला तेव्हाच काढून टाकलं असतं. पण बदली माणूस मिळेना आणि डॉक्टरीणबाईही म्हणाली, यांच्याजवळ सतत डोळ्यांत तेल घालून बसणारं कुणीतरी लागेल. ते तेल हवालदारणीपाशी भरपूर होतं. गोळी आता डॉक्टरीणबाई सांगेल तशी कमी होत जाणार होती : अर्धी, मग पाव, मधे अडखळलं तर थांबायचं, परत पुढं. सावकाश तर सावकाश. इतकी वर्षं थांबली, आणखी काही महिने.

आणि डॉक्टर जागे व्हायला लागले. आधी डोळे, मग जीभ. जागा झालेला माणूस अगदी पूर्वीचाच निघाला : तिरसट, हुकमी. "ए बाई, गोळी आण." "मिळणार नाही." "मी डॉक्टर आहे की तू?" "तुम्ही होता. उठा, बोळाची फेरी." ती त्यांना काखेत धरून बोळातून चालवायची, आणि चालवताना टोचायची. टेलिफोनवाली आठवली का? रात्रपाळीची बाई? नाही? मग चला, अजून एक फेरी. डॉक्टर शिव्या द्यायचे. कधी हात जोडायचे. "अगं, एक अर्धी दे. डोळे मिटले की बायको दिसते, उघडले की तू दिसतेस. माणसानं करायचं काय?" तिला गुदगुल्या व्हायच्या. हेच हवं होतं तिला. औषधपाणी, खाणंपिणं, चालणं, सगळं नियमानं करून तिनं त्यांचा जीव मेटाकुटीला आणला होता, आणि नावं ठेवायला कुणाला जागा नव्हती. पाय भक्कम झाले, पायजम्याची नाडी स्वतः बांधायला लागले, पेपर वाचायला लागले. सूड घेता घेता म्हातारा टुणटुणीत होत चालला होता, त्याला ती तरी काय करणार!

पण जागा म्हातारा म्हणजे घरात जागा माणूस. डॉक्टर मुलाला हाका मारायचे. पेपरात काय आलंय ते सांगायला, खिडकीतून काय दिसतंय ते दाखवायला. "जरा बस की रे." "बाबा, मीटिंग." "मग झाल्यावर?" "झाल्यावर दुसरी आहे." एकदा तर डॉक्टर चालत चालत बोळाच्या या टोकाला आले आणि मुलाच्या कॉम्प्युटरमधल्या साहेबांना नमस्कार करून त्यांच्या मणक्याची चौकशी करू लागले. साहेब हसले. मुलगा हसला नाही.

त्याच आठवड्यात, दुपारच्या चहाच्या वेळी, मुलगा खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. हातात जुनं पाकीट होतं. नजर हवालदारणीला टाळत होती.

"मावशी, उद्यापासून दुसरी बाई येतेय. तुमचा राग नाही, पण आधीचंच बरं होतं हो. मला काम करायचंय. आणि बाबाही रोज गोळी मागतातच की." मग लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "बाबा, ही घ्या. छान झोप लागेल."

त्यानं वडिलांच्या तळहातावर गोळी ठेवली.

हवालदारीण भिंतीला टेकली. हातातोंडाशी आलेलं गेलं. उद्या हा पुन्हा लाळ गाळत हसेल, जेवलीस का विचारेल, आणि तिची आई या जगात कुणालाही आठवणार नाही. घेणारच तो. महिनोन् महिने भीक मागत होता. धावून जाऊन गोळी हिसकावावी असं तिला वाटलं, पण कुठल्या अधिकारानं हिसकावणार? उद्या तिचा या घराशी संबंध नव्हता.

डॉक्टर गोळीकडे बघत राहिले. मग मुलाकडे बघून म्हणाले, "झोप नकोय रे मला. बोलायला माणूस हवंय."

आणि बोलता बोलता थबकले. आपल्या तोंडून दुसऱ्याच कुणाचा आवाज निघावा तसे स्वतःशीच पुटपुटले, "बोलायला माणूस हवंय... हे मला कुणीतरी सांगितलंय." त्यांनी मान वळवली आणि हवालदारणीकडे पाहिलं. "एक बाई होती. बोलताना एक हात सारखा कानाशी न्यायची. कानावरचं काहीतरी नीट करावं तशी. ती का तुझी आई?"

हवालदारीण भिंतीपासून सरळ झाली. हे तिनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तिला स्वतःलाच ते आठवत नव्हतं. आत्ता, या क्षणी आठवलं : एक्स्चेंजमधला कानावरचा हेडफोन सावरायची आईची जुनी सवय.

"ती म्हणाली होती," डॉक्टर एकेक शब्द उचलत बोलू लागले, "डॉक्टर, मी झोप मागायला आले नाही. झोप मला रात्रीची कधी नव्हतीच. जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली, आता माझ्याशी बोलायला कुणी नाही. लेक दमून येते, तिला उठवायला जीव होत नाही. भांडं वाजवून बघते एखादं, उठली तर उठली. म्हणून म्हटलं, तुम्हाला विचारावं, रात्री बोलायला एखादं माणूस कुठं मिळेल का." त्यांनी तळहातावरच्या गोळीकडे पाहिलं. "बाहेर रांग होती. मी लिहून टाकलं."

मुलगा दारातच उभा होता, ते पाकीट मुठीत चुरगळत.

या दिवसासाठी हवालदारणीनं किती वाक्यं घोटून ठेवली होती. तुम्ही मारलंत तिला. तुमच्या पेनानं मारलंत. सगळी तयार होती, खरीही होती, आणि एकही ओठांवर येईना. भांडं वाजवून बघते. अंथरुणात कूस बदलून, उशी कानावर दाबून तिनं किती रात्री त्या भांड्याला शिव्या घातल्या होत्या! तिला रडू आलं, आणि त्या रडण्याचा इतका राग आला की तिनं पदरानं डोळे रगडून लाल केले.

"मला माफ कर," डॉक्टर म्हणाले.

"नाही करणार."

"बरं." त्यांनी मान हलवली आणि तळहातावरची गोळी मुलाकडे परत केली. मुलानं ती घेतली.

हवालदारणीनं कोपऱ्यातलं स्टूल फरफटत खुर्चीजवळ आणलं आणि त्यावर बसली. या माणसाचा तिला अजूनही तितकाच संताप येत होता. पण तिच्या आईचं शेवटचं धड बोलणं जगात याच्याच डोक्यात उरलं होतं.

"अजून काय म्हणाली ती?" तिनं दरडावून विचारलं. "नीट आठवा. सगळं सांगा."